उन्हात जागं होणारं विष

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका अशा विषाबद्दल सांगायचंय, जे अंधारात गप्प पडून असतं आणि ऊन लागलं की कामाला लागतं. विषय वाळवंटातल्या झाडांचा आहे, पण तो पन्हाळ्याच्या उतारावर चरणाऱ्या आपल्या गुरांपर्यंत येऊन पोचतो.

वाळवंटात पाणी थोडं, ऊन मात्र मुबलक. तिथल्या झुडपाला प्रत्येक पान महागाचं असतं, ते किड्यांच्या तोंडी देणं परवडत नाही. अमेरिकेच्या मोहावे वाळवंटात थॅम्नोस्मा नावाचं, लिंबाच्या कुळातलं झुडूप आहे. त्यातली फ्युरानोकुमरिन द्रव्यं उन्हातले अतिनील किरण शोषून पेशीतल्या डीएनएला चिकटतात आणि पेशी मरते. १९७८ साली कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबॉम यांनी लष्करी अळ्यांना असंच एक द्रव्य घातलेलं खाद्य दिलं, तेव्हा अतिनील प्रकाशातल्या अळ्या जास्त मेल्या. काही अळ्या तर पान गुंडाळून आतल्या सावलीतच खातात. किती शहाणपण! आपल्याकडे कोडावर देतात त्या बावचीतही हीच द्रव्यं आहेत, म्हणून ती स्वतःच्या मनाने लावून उन्हात बसू नये.

आता गुरांकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेच्या कारू या कोरड्या प्रदेशात मेंढ्या सराटा खातात, आपल्या बांधावर पसरतो तोच काटेरी सराटा. इथे विषाची वाट वेगळी आहे. सराट्यामुळे यकृतातून पित्त नीट बाहेर पडत नाही. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारं फायलोएरिथ्रिन एरवी पित्तातून निघून जातं, ते मग रक्तातून कातडीत उतरतं. त्यावर ऊन पडलं की कान, ओठ, डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो आणि कातडी सोलते.

आपल्या डोंगरउतारावरची घाणेरी, म्हणजे टणटणी, नेमकं हेच करते. चारा आटला की जनावर तिला तोंड लावतं. संकरित गाईच्या अंगावरचे पांढरे पट्टे तेवढे भाजतात, काळे शाबूत राहतात. ही खूण लक्षात ठेवा. मला जास्त काळजी वाटते ती म्हशीची. काळ्या कातडीमुळे तिच्या अंगावर फारसं काही दिसत नाही, पण आत यकृत बिघडतच असतं. म्हणून टणटणीच्या रानात चरून आलेली म्हैस वैरण सोडून उभी राहिली, डोळे पिवळे दिसले, तर कातडीवर फोड येण्याची वाट बघू नका.

अशा जनावराला आधी सावलीत, गोठ्यात आत बांधा. त्या रानात पुन्हा सोडू नका. खरूज समजून अंगाला तेल चोळत बसण्यात दिवस घालवू नका, पशुवैद्यकांना लगेच बोलवा. आणि जनावराने खाल्लेल्या झुडपाची एक फांदी त्यांना दाखवायला काढून ठेवा.