महादेवाचा पोहा आणि वाघाचं रान

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘व्याघ्र प्रकल्पातली पायी यात्रा : हक्क आणि जबाबदारी’. त्याकडे येतोच. पण समोर बसलेल्यांतल्या निम्म्या बायामाणसांनी तरी चौरागड चढलेला असणार, त्यामुळे मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात पचमढी नेमकी कुठे आहे हे सांगत बसत नाही. महाशिवरात्रीला चौरागड, नागपंचमीला नागद्वार, आणि तेवढं जमलं नाही तर आपली सालबर्डी. सालबर्डीच्या गुहेतून थेट पचमढीच्या बड्या महादेवापर्यंत भुयार आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातून कुणी गेलं असेल तर हात वर करा. नाही ना? म्हणून तर डोंगर चढावा लागतो!

आता जीप पार वरपर्यंत नेते. जुने पोहे, म्हणजे महादेवाला जाणाऱ्या यात्रेकरूंचे जथे, मात्र गावातून पायी निघत. सौंसर, छिंदवाडा, जुन्नारदेवची पहिली पायरी, पुढे भुरा भगताचं ठिकाण. चालणाऱ्याला रान बदलताना दिसायचं. आपल्याकडचा साग माघात उघडाबोडका, पायाखाली पापडासारखा वाजणारा पाला. आणि वर पचमढीच्या पठारावर सालाची दाट सावली. साग आणि साल या दोन झाडांची राज्यं सातपुड्याच्या ह्याच भागात एकमेकांना भिडतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे लिहून ठेवलं, आमच्या पोह्यातल्या म्हाताऱ्यांना ते तळपायानं कळायचं.

एक प्रसंग सांगतो. माझ्या घरच्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की आता ते उठून जातात, तुम्ही बसा. भुरा भगताच्या अलीकडची वाट, पहाटेचा गारवा. पुढे त्रिशूळ घेतलेला भगत, म्हणजे पोह्याचा म्होरक्या, मागे बाया. भगत एक ओळ म्हणायचा, थांबायचा, मग बाया झेलायच्या. अशाच एका थांब्यात त्यानं त्रिशूळ आडवा धरला. गाणं तिथंच तुटलं. खालच्या नाल्यातून कुणीतरी फुंकतंय, मग जोरानं ओढतंय, असा आवाज. अस्वल! वारूळ फोडून वाळवी ओढत होतं. हा आवाज शंभर पावलांवरूनही येतो, पण खाण्यात गुंगलेल्या अस्वलाला माणसाची चाहूल लागत नाही. वळणावर अचानक समोर आलात तर ते पळत नाही, अंगावर येतं. भगतानं सगळ्यांना गोळा केलं आणि एका दमात गजर झाला, “हर बोला हर हर महादेव!” आवाज थांबला, झुडपं मोडत काहीतरी पलीकडच्या काठानं वर गेलं. आम्ही तसेच उभे. माझ्या शेजारची आजी म्हणाली, “जाऊ दे तिले, तिचं घर हाय.” मग भगतानं तीच ओळ पुन्हा धरली.

ओळ आणि तिचं उत्तर यांच्यामध्ये जी जागा असते ना, तिथं रान ऐकू येतं. वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाची हाक, सगळं त्या जागेतच कळतं. ही चाल कुणी उगाच बांधलेली नाही. आणि आता? एका मंडळाच्या भंडाऱ्यात रात्रभर स्पीकर लावलेला मी पाहिला. मंडळाचं नाव घेत नाही. जेवण मनापासून वाढत होते, अन्नाला नाव ठेवणार नाही. पण शेजारी उभा राहून बोललो तरी माणसाला ऐकू जात नव्हतं, आणि मागच्या ओढ्यात थर्माकोलच्या ताटल्यांचा खच. मी विनंती केली. “काका, भक्तीत आडवे येऊ नका,” असं उत्तर मिळालं. ते मला आजही झोंबतं, कारण भक्तीच्या आड तो स्पीकरच येत होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता धावतच सांगावा लागणार.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २८ वं कलम अभयारण्यात जाण्याचे परवाने कशासाठी द्यायचे ते सांगतं: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, तिथल्या रहिवाशांशी कामकाज. तीर्थयात्रेचा वेगळा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली नागद्वारची वाट नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस मोकळी होते, ते दरवर्षीच्या सरकारी बंदोबस्तावर. ताडोब्यातही तलावाकाठी तारूचं देऊळ आहे, तिथल्या पौषातल्या जत्रेला येणाऱ्या आदिवासी भाविकांवरही बंधनं आली.

मला बंधनं हवी आहेत, पण ती पोह्याला धरून. पोह्याची पोहा म्हणूनच नोंद व्हावी, भगत जबाबदार असावा. चालणं उजेडातच, कारण वाघाची वेळ संध्याकाळपासून पहाटेपर्यंतची. वाटेवर स्पीकर अजिबात नको. भंडाऱ्यात पळसाच्या पत्रावळी, आणि प्रत्येकाच्या खांद्याला घरचा तांब्या. एवढं आपण पाळलं तर वन खात्यापुढे हक्क मागताना आपला आवाज चढा राहील.

ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. भंडारा घालणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आधी वाचावा, खटकेल ते आत्ताच सांगावं. चहा होईपर्यंत मी तिथंच आहे.