‘माझ्याकडे तर चालतंय!’

(पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर मंडळींच्या एका शनिवार सकाळच्या मेळाव्यात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामीच आहे. पहिल्या रांगेतल्यांना मी प्रश्न विचारत नाही, शब्द देतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठून कुठून आलात, तेही सुट्टीच्या दिवशी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची आणि मग चहाच्या टपरीवर ते खोडून काढायची सवय आहे. आज दोन्ही करा. टेस्टरांकडून तर माझी तीच अपेक्षा आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘टेस्टरची व्यावसायिक वाढ आणि टीममधलं काम’. त्यावर बोलणार आहेच. पण त्याआधी बरीच वर्षं मनात असलेली एक गोष्ट मांडतो. तुम्ही वर्षात किती बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवले, याला माझ्या लेखी काडीचीही किंमत नाही. तुम्हाला दिसलेला बग डेव्हलपरला त्याच्या मशीनवर, त्याच्या डोळ्यांनी दिसला का, एवढंच मी बघतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ज्याने डेव्हलपरकडून ऐकलेलं नाही त्याने हात वर करा. एकही हात नाही. छान.

आता हे बग मोजायचं खूळ. एका कंपनीत मी काम करत होतो, नाव घेत नाही. तिथे अप्रेझलच्या फॉर्मवर टेस्टरसाठी एक रकाना होता, ‘नोंदवलेले बग’. जितके जास्त तितके गुण जास्त. डेव्हलपरच्या फॉर्मवरही तोच रकाना, पण तिथे मान्य झालेल्या प्रत्येक बगमागे गुण कमी. बगची एक नोंद म्हणजे एक तिकीट. म्हणजे एकाच तिकिटावर एकाची वेतनवाढ आणि दुसऱ्याची कपात. वैद्याला घरात निघालेल्या आजारांच्या संख्येवर बिदागी द्यायची आणि घरच्यांना त्याच संख्येवर दंड लावायचा, असा तो कारभार. आता सांगा, ही दोन माणसं दुपारी एका टेबलावर डबा उघडतील?

काय व्हायचं बघा. एका लेबलमध्ये स्पेलिंग चुकलेलं. ते लेबल बहुतेक सगळ्या स्क्रीनवर. मग दर स्क्रीनमागे वेगळं तिकीट. डेव्हलपर ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करणार, टेस्टर रीओपन करणार. ट्रायाजच्या, म्हणजे कुठला बग आधी घ्यायचा हे ठरवायच्या, मीटिंगमध्ये हे मेजर की मायनर, यावर अर्धा तास खडाजंगी. आणि ज्या तिकिटात ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते, त्याला शेवटची पाच मिनिटं, तीसुद्धा लोक लॅपटॉप मिटत असताना. यात माणसं वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. चांगली, हुशार मुलं होती. त्यांना तो फॉर्म वाईट वागायला शिकवत होता.

याच काळातला दुधाचा किस्सा सांगतो. थोडा लांबेल, पण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

आम्ही दूध वितरकांसाठी अ‍ॅप केलं होतं. घरोघरी पिशव्या टाकणारा माणूस प्रत्येक सोसायटीत फोनवर टिक करतो, किती लिटर, कुठलं दूध. महिन्याच्या शेवटी त्यावरून गिऱ्हाइकाचं बिल निघतं. सिंहगड रस्त्यावरच्या एका वितरकाचा फोन यायला लागला. ‘ताई, कालच्या तारखेला दोनदा दूध दाखवतंय आणि आजचं शून्य. लोक बिलं भरेनात.’ आमच्या टेस्टरने तिकीट टाकलं. डेव्हलपरने सकाळी अकरा वाजता नोंद करून बघितली, तारीख बरोबर. ‘नॉट रिप्रोड्यूसिबल’, म्हणजे ‘माझ्याकडे घडत नाही’, असं लिहून बंद. दुसरी तक्रार आली, दुसरं तिकीट. तेही बंद. तिसरं. फॉर्मच्या हिशेबाने दोघांचंही बरोबर चाललं होतं बरं का! तिची संख्या वाढत होती, त्याचा मान्य झालेला बग एकही नव्हता. मधल्या मध्ये वितरकाला गिऱ्हाइकांच्या शिव्या.

गोंधळ असा होता की पहाटे पहिल्यांदा ज्या सोसायट्या लागायच्या, तिथून तक्रार नाही. अगदी शेवटच्या सोसायट्यांचीही नाही. ओरड फक्त मधल्या गल्ल्यांची. तीही रोज नाही. त्याच इमारतीत, त्याच गिऱ्हाइकाची नोंद सोमवारी बरोबर, मंगळवारी चूक. सगळे सोसायट्यांची मास्टर यादी तपासत बसले. वितरकाचं बोट चुकून दोनदा लागत असेल, असंही कुणीतरी म्हणालं. आपल्या धंद्यात वापरणाऱ्याच्या बोटावर फार लवकर संशय घेतला जातो.

मग त्या मुलीने जे केलं, ते मी आजही नव्या टेस्टरांना सांगतो. ती नवीन तिकीट टाकायचं थांबली. वितरकाला विचारून त्याच्या फेरीचा क्रम वहीत लिहून घेतला, कुठून निघतो, कुठली गल्ली आधी, दुधाची गाडी उशिरा आली तर काय होतं. मग सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे तो आपोआप ठेवतो त्या नोंदवहीतून, प्रत्येक नोंदीची वेळ काढली आणि शेजारी लिहिलं, तारीख बरोबर की चूक. कागद घेऊन डेव्हलपरच्या खुर्चीपाशी गेली. चुकलेल्यांतली सगळ्यात उशिराची नोंद पाच अठ्ठावीसची. बरोबर असलेल्यांतली सगळ्यात लवकरची पाच एकतीसची. त्याने कागद बघितला आणि मोठ्याने म्हणाला, ‘साडेपाच!’

तुमच्यातल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावर हसू आलंय, म्हणजे कळलं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. बिलाची तारीख काढताना कोडमध्ये यूटीसीचीच तारीख उचलली जात होती. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होईपर्यंत तिथे आदला दिवसच चालू असतो. पहिल्या सोसायट्यांत तो कायम साडेपाचच्या आत पोचायचा, त्यामुळे त्यांचा प्रत्येक दिवस एकेक मागे सरकायचा आणि महिन्याच्या बेरजेत कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. शेवटच्या सोसायट्यांत तो कायम उजाडल्यावर, म्हणून त्या बरोबर. मधल्या गल्लीत कधी पाच वीसला, कधी पाच चाळीसला. काल उशिरा आणि आज लवकर गेला की दोन्ही नोंदी कालच्या तारखेवर आणि आजची जागा रिकामी. आणि आमच्या ऑफिसात पहाटे पाचला टेस्टिंग कोण करणार? डेव्हलपर खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे खरंच चालत होतं.

टेस्ट सर्व्हरचं घड्याळ आपल्या पहाटेच्या पावणेपाचवर लावलं, नोंद केली, चूक डोळ्यांसमोर. दुरुस्तीला दुपारसुद्धा लागली नाही. आधीचे आठवडे गेले होते तिकिटं टाकण्यात आणि बंद करण्यात. वर्षअखेरीला त्या मुलीच्या फॉर्मवर हे सगळं काय म्हणून दिसलं? एक बग. बाकीची तिकिटं डुप्लिकेट ठरली. मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो.

हे दुधाचं होतं, पैशांवर निभावलं. कायम तसं निभावत नाही. थेरॅक-२५ हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र, संगणकावर चालणारं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा जणांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले, त्यांतले काही दगावले. अमेरिकेत टेक्सासमध्ये टायलर नावाचं गाव आहे. तिथल्या केंद्रात मार्च १९८६ मध्ये एक अपघात झाला. पडद्यावर संदेश काय, तर ‘मालफंक्शन ५४’. बस, एवढंच. कंपनीचे इंजिनिअर येऊन गेले, त्यांच्याकडून ते घडेना. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये तिथेच दुसरा अपघात.

मग त्या केंद्रातला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर, दोघं यंत्रापाशी बसले. आपण नेमकं काय टाइप केलं होतं, हे तिला आठवत होतं. इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ टाकायचं तिथे सवयीने ‘एक्स’ पडलं होतं, एक्स-रेचं. तिने कर्सर वर नेऊन ते बदललं आणि भराभर एंटर दाबत खाली आली. दोघं पुन्हा पुन्हा तेच करत राहिले आणि शेवटी तो संदेश हवा तेव्हा आणता येऊ लागला. मर्म होतं वेगात. आतले चुंबक जागेवर यायला साधारण आठ सेकंद लागत. तेवढ्यात दुरुस्ती उरकली, तर प्रोग्रॅमच्या एका भागाला ती कळतच नसे. कंपनीच्या इंजिनिअरला आधी जमेना, कारण तो सावकाश टाइप करत होता. रोज तेच काम करणाऱ्या बाईंचा हात चालायचा तसा त्याचा चालत नव्हता. आधीच्या थेरॅक-२० मध्येही हीच चूक होती, पण तिथे हार्डवेअरचं वेगळं संरक्षण होतं, नुसता फ्यूज उडायचा. नव्या यंत्रात ते संरक्षण काढून भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती.

त्या दोघांच्या नावावर टेस्टर म्हणून कुठली पदवी नव्हती. पण वापरणारा माणूस काय करतो, कुठल्या क्रमाने, किती वेगाने, हे शोधून काढून दुसऱ्याला करून दाखवणं हेच आपलं काम आहे, आणि ते त्यांनी केलं. आपल्या रिपोर्टमधल्या ‘स्टेप्स टू रिप्रोड्यूस’ या रकान्याला मी इतका चिकटून बसतो तो यामुळे. तिथे ‘लॉगिन करा, सबमिट दाबा, एरर येते’ असं लिहिलेलं बघितलं की जीव तुटतो. कुठल्या युजरने? किती वाजता? आधी काय दाबलं होतं? डेटा काय होता? किती वेळा केलं आणि त्यातून किती वेळा आलं? ‘कधी कधी होतं’ हेसुद्धा लिहा, फक्त त्या ‘कधी’चा माग किती काढला, तेही लिहा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात, हॉल पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय. मग पत्रिकेवरचा विषय आता पटापट घेतो.

वाढ. पहिलं म्हणजे एसक्यूएल, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आणि लॉग वाचणं. पडद्यावर दिसतं तेवढंच सांगणारा टेस्टर लवकर अडकतो. टेबलात काय पडलं आणि सर्व्हर काय बोलला, हे सांगणाऱ्याला डेव्हलपर स्वतः बोलावतात. एपीआय, म्हणजे पडद्यामागे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती वाट, थेट तपासायला शिका. आणि ज्या क्षेत्राचं सॉफ्टवेअर आहे ते क्षेत्र शिका. बँक असेल तर दिवसअखेर म्हणजे काय, विमा असेल तर हप्ता चुकल्यावर काय होतं. टूल दर काही वर्षांनी बदलतं, हे ज्ञान हाताशी राहतं.

ऑटोमेशन, म्हणजे तपासणी प्रोग्रॅमकडून करून घेणं. शिका, जरूर शिका. सेलेनियम या ऑटोमेशनच्या टूलचा जन्म लक्षात ठेवा. २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स कंपनीच्या आतल्याच एका अ‍ॅपवर काम करत होता, वेळ आणि खर्चाच्या नोंदींचं. तीच तपासणी पुन्हा पुन्हा हाताने करावी लागू नये म्हणून त्याने ते लिहिलं. म्हणजे रटाळ काम यंत्राकडे द्यायचं आणि सुटलेला वेळ विचाराला लावायचा. आमच्याकडे उलट होतं. सुटलेल्या वेळात स्क्रिप्टची संख्या वाढवतात आणि मग तीही मोजतात! रोज रात्री हिरव्या, म्हणजे पास, होणाऱ्या शेकडो स्क्रिप्टपैकी पहाटे पाचला नोंद करणारी एक तरी आहे का, हे विचारा. एआयकडून टेस्ट केस लिहून घेता, घ्या. त्यालाही दूधवाला कधी निघतो, हे तुम्हालाच सांगावं लागेल.

आयएसटीक्यूबी, म्हणजे टेस्टरांची प्रमाणपत्र परीक्षा, करावी का, हा प्रश्न दर वेळी येतो. नवीन असाल तर करा. सगळ्यांची परिभाषा एक होते, त्याचा उपयोग आहे. पण परीक्षेवर थांबू नका.

टीम. कोड लिहून झाल्यावर टेस्टरला बोलावणं बंद झालं पाहिजे. ग्रूमिंगला, म्हणजे काम सुरू होण्याआधी ते समजून घ्यायच्या बैठकीला, बसा आणि तिथेच विचारा, ‘ही तारीख कुठल्या घड्याळाची?’ तेव्हा विचारायला मिनिट लागतं. डेव्हलपरशी बोलताना ‘तू चुकलास’ नको, ‘हे बघ काय होतंय’ म्हणा, आणि जमेल तिथे उठून त्याच्या जागेवर जा. पण बोलणं झालं म्हणून नोंद सोडू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी गमावलं. एका बाजूचे आकडे पाउंडात, दुसऱ्या बाजूने ते न्यूटनमध्ये धरले. एवढं सगळ्यांना माहीत असतं. चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आहे. आकडे जुळत नाहीत, हे काही जणांच्या आधीच ध्यानात आलं होतं, पण ते ईमेलवर बोलत राहिले. अडचण नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीत ती नीट गेलीच नाही आणि मधल्या मध्ये निसटली. तेव्हा आधी बोला, आणि त्याच दिवशी तिकिटात लिहा.

शेवटचं, इथे जे मॅनेजर आलेत त्यांना. मागच्या ओळीत बसलात तरी दिसताय. तो रकाना फॉर्ममधून काढा. मोजायचंच असेल तर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या हातात, काय निसटलं ते बघा, आणि ते टेस्टर, डेव्हलपर दोघांच्या नावावर एकत्र लावा. किती तिकिटं ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून बंद झाली, ते महिन्यातून एकदा दोघांना शेजारी बसवून वाचायला लावा. अशा यादीत काय काय पडलेलं असतं, ते तुम्हाला दिसेल.

संयोजक उभे राहिले. सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटीचा, म्हणजे बग किती गंभीर आणि किती तातडीचा याचा, प्रश्न ज्यांनी चिठ्ठीवर पाठवलाय त्यांनी खाली चहापाशी भेटा, त्याला अर्धा तास लागेल. आणि तुमच्याकडे कुठलं न सुटलेलं ‘कधी कधी होतं’ तिकीट असेल तर त्याचा लॉग घेऊन या, बसून बघू.