इन्फ्लिक्ट आणि आपलं 'लागलं'

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी 28 वर्षं इंग्रजी शिकवलं. इन्फ्लिक्ट म्हणजे कुणाला इजा किंवा शिक्षा करणं. 'ही इन्फ्लिक्टेड मी' हे वाक्य दरवर्षी एकदा तरी लाल पेनाखाली यायचंच. पोरांना दोष देत नाही. 'त्यानं मला मारलं' म्हणायची जिभेला सवय. त्यात मार खाणारा क्रियापदाला चिकटूनच उभा असतो. इन्फ्लिक्टचं कर्म मात्र माणूस नव्हे. जखम, वेदना, शिक्षा, पराभव हे त्याचं कर्म. माणूस येतो मागून, 'ऑन'चं बोट धरून: 'ही इन्फ्लिक्टेड अ वूंड ऑन हिम.' शब्द लॅटिनमधला, मुळात हाणण्याचा. जखम उचलून कुणाच्या तरी अंगावर हाणली, असं चित्र डोळ्यांपुढे ठेवा, 'ऑन' सुटणार नाही. याचंच भावंड अफ्लिक्ट, म्हणजे पीडणं. ते मात्र थेट माणसालाच धरतं. दमा माणसाला अफ्लिक्ट करतो.

आता आपली सोय बघा. पोरगं गुडघा फोडून येतं, आई विचारते, 'लागलं काय रे?' कुणी मारलं, की आपणच धडपडला, ते नंतर. शेजारचे कन्नडवालेही 'पेट्टु बित्तु' म्हणतात, मार पडला. कुणाच्या हातचा? वाक्यात नाही. (आपलं 'त्रास देऊ नको' आणि त्यांचं 'तोंदरे कोडबेड' तर शब्दाला शब्द. एकाच गल्लीत वाढलेल्या भाषा!) इन्फ्लिक्टमध्ये ही पळवाट नाही. 'वूंड्स वेअर इन्फ्लिक्टेड' (जखमा केल्या गेल्या) लिहून नाव झाकता येईल, पण कुणीतरी केलंय हे उरतंच. पाय घसरून पडलेल्याला तो शब्द चालत नाही.

कायद्याचा शब्द आणखी वेगळा, 'कॉज हर्ट', म्हणजे दुखापत करणं. 1860च्या दंड संहितेपासून त्यात शारीरिक वेदना, रोग आणि दुर्बलता येतात. हाड मोडलं की ती दुखापत 'ग्रीव्हस', म्हणजे गंभीर. तीव्र वेदना 20 दिवस राहिल्या तरी गंभीर. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत हे दिवस 15 झाले.

आमच्याकडे भांडण मराठीत होतं, फिर्याद कन्नडात लिहिली जाते, आणि वकिलाच्या टेबलावर तिचं इंग्रजी होतं. एका नातलगाचा असाच कागद मी त्याला मराठीत समजावून सांगत होतो. तो मूळ बोलला होता एवढंच: 'बांधावर झटापट झाली, डोक्याला लागलं.' इंग्रजीत 'इन्फ्लिक्टेड' आलेलं, आणि त्याच्यापुढं कर्ता म्हणून सख्ख्या चुलतभावाचं नाव. तो दचकलाच. 'सर, मी असं कुठं म्हटलं? दगड होता तिथं, त्यावर पडलो असेन.'

'सस्टेन्ड अ हेड इन्ज्युरी' (डोक्याला दुखापत झाली) एवढं लिहिलं असतं, तर त्याचं 'लागलं' जसंच्या तसं उतरलं असतं.