जुन्या निकालाची नक्कल

नमस्कार श्रोतेहो.

मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस पुन्हा पकडला जातो, तेव्हा कोर्टात काय होतं, ते आज सांगणार आहे. मी बरीच वर्षं सरकारी वकील म्हणून पॉक्सोचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, खटले चालवले. लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, हा सराईत आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं, मग कोर्टाला कसं नाही कळलं?"

गावाला जे माहीत असतं, ते कोर्टाला माहीत नसतं. कोर्टासमोर कागद यावा लागतो. एवढं लक्षात ठेवा, कागद यावा लागतो.

पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. लैंगिक हमल्याला त्यात 3 ते 5 वर्षं शिक्षा आहे. पण आरोपीला आधी कुठल्याही लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तर तोच हमला गंभीर ठरतो आणि शिक्षा 5 ते 7 वर्षं होते. बलात्काराच्या स्वरूपाचा गुन्हा असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 20 वर्षं. मात्र आधी शिक्षा झालेली हवी. नुसती कुजबुज चालत नाही, चौकीत बोलावून दम दिला होता हे चालत नाही. शिक्षा, आणि तिचा कागद.

आता 2017 सालचा एक खटला सांगते. मूल नऊ वर्षांचं. मुलगा की मुलगी, गाव कुठलं, हे सांगणार नाही, तुम्हीही अशा वेळी कुणाला सांगू नका. आरोपी चित्रकलेचे क्लास घ्यायचा. गोड बोलणारा, पालकांचा आवडता. (वर्तमानपत्रवाल्यांनी तो 'नराधम' शब्द आता सोडावा, असं मला फार वाटतं. मुलं नराधम शोधत बसतात आणि समोर असतात सर, काका, मामा.)

मुलानं पडद्याआड बसून साक्ष दिली. आरोपीचे वकील प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीश ते साध्या शब्दांत मुलाला विचारायचे. पॉक्सोत तशीच पद्धत आहे. मूल हातातला रुमाल घडी करायचं, उलगडायचं, पुन्हा घडी करायचं. पण बोललं. सगळं नीट बोललं.

त्याआधी, तपास चालू असतानाच पैरवीचे, म्हणजे पोलिसांकडून कोर्टाची कामं बघणारे, हवालदार मला म्हणाले होते, "मॅडम, यानं आधी दुसऱ्या जिल्ह्यात पण केलंय म्हणतात." म्हणतात! 'म्हणतात'चा पुरावा होत नाही. मी त्यांना म्हटलं, "निकालाची नक्कल आणा." ते दोनदा जाऊन हात हलवत परत आले. नाव सापडत नाही, म्हणाले. शेवटी एका सुट्टीच्या आदल्या दिवशी मी स्वतः एसटीनं गेले.

रेकॉर्ड रूममध्ये एक वयस्कर कारकून होते. लाल कापडात बांधलेल्या फायली छतापर्यंत. त्यांनी नाव विचारलं, मग वडिलांचं नाव, मग गाव. म्हणाले, "बाई, आडनाव सोडा. गावावरून बघू." संध्याकाळचे साडेपाच झाले, पट्टेवाला कुलूप घेऊन उभा, आणि त्यांनी एक गठ्ठा खाली काढला. 2005 चा निकाल. दीड वर्षाची शिक्षा. नाव घरी हाक मारायचं, आडनावाच्या जागी गावाचं नाव. म्हणून सापडत नव्हता. आता सगळं संगणकावर चढवतात, चांगलंच आहे, पण नाव चुकीचं चढलं तर संगणकही शोधून देत नाही. ती नजर त्या कारकुनांचीच होती. कोर्टाच्या या माणसांचं नाव कुठल्याही निकालपत्रात येत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नक्कल मिळाली. पण काम संपलं नव्हतं. त्या निकालातला माणूस आणि पिंजऱ्यात उभा असलेला माणूस एकच, हेही सिद्ध करावं लागतं. आरोपीचे वकील म्हणणारच, नाव वेगळं, माणूस वेगळा. मग तुरुंगाच्या नोंदवहीतल्या ओळखीच्या खुणा काढल्या, त्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे काढले, आताचे ठसे घेतले. ठसे तज्ज्ञांनी साक्षीत सांगितलं, दोन्ही एकाच माणसाचे.

आणि हे सगळं कधी पुढे आलं? आधी या खटल्यात तो दोषी ठरला, त्यानंतर. जुनी शिक्षा दोषारोपात लिहावी लागते, पण दोषी ठरेपर्यंत ती वाचून दाखवत नाहीत. काही जणांना याचा राग येतो. मला हा नियम योग्यच वाटतो. आजचा गुन्हा आजच्या पुराव्यावर सिद्ध व्हायला हवा. म्हणूनच मुलाचा जबाब लवकर आणि नीट नोंदवला जाणं फार महत्त्वाचं.

त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

पण श्रोतेहो, 2005 ते 2017 या बारा वर्षांत तो काय करत होता? आम्हाला कळलं, की दोन ठिकाणांहून त्याला काढलं होतं. दोन्हीकडे पालकांनी तक्रार केली होती, तोंडी. दोन्हीकडे "बदनामी नको" म्हणून त्याला गुपचूप जायला सांगितलं. त्या मुलांचा एकही कागद नाही. माझ्या खटल्यात उपयोगी पडला तो 2005 मधल्या एका आईनं धरलेला हट्ट. ती पोलीस ठाण्यात गेली, फिर्याद दिली, तारखांना आली. तिच्यामुळे तो कागद होता.

म्हणून शाळेच्या, क्लासच्या, वसतिगृहाच्या चालकांना सांगते, अशा माणसाला नुसतं काढून टाकू नका. गुन्हा कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून पोलिसांकडे आहे, पण तक्रारच झाली नाही तर त्या माणसाचं नाव तिथे जाणार कसं? घरच्यांना सांगते, 1098 हा नंबर लिहून ठेवा. एक शून्य नऊ आठ. मूल स्वतःही फोन करू शकतं. आणि कोर्टाच्या व्हरांड्यात मुलांना बसायला स्वच्छ बाक आणि प्यायला पाणी हवं, हे मी प्रत्येक बैठकीत बोलत आले, इथेही बोलते.

निकाल लागला त्या दिवशी मी त्या कारकुनांना फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, या निकालाची एक नक्कल पाठवा. जुन्या फायलीला जोडून ठेवतो. आणि वरती त्याचं खरं आडनाव लिहितो."