नेरुदाचं ते एक पान

नमस्कार मंडळी. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून) हे पाब्लो नेरुदाच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर. कॉलेजपासून माझ्याबरोबर घरं बदलत आलंय. या कवीवर माझं प्रेम आहे आणि या माणसाचा मला राग आहे. त्याबद्दल आज बोलणार आहे. पुढे लैंगिक अत्याचाराचा उल्लेख येईल. ऐकवणार नसेल तर इथेच थांबा.

नेरुदा चिलीचा, जन्म १९०४. विसाव्या वर्षी प्रेमकवितांचं पुस्तक आलं, १९७१ साली नोबेल मिळालं. पण माझा जीव जडला तो त्याने रोजच्या वापरातल्या वस्तूंवर लिहिलेल्या कवितांवर. भाकरी, कांदा, लोकरीचे मोजे! कांद्याला तो म्हणतो, तू आम्हाला रडवतोस, पण दुखावत नाहीस. ही ओळ वाचल्यापासून कांदा चिरताना मला ती आठवली नाही असा दिवस नाही.

आता ते पान. १९२९ साली नेरुदा कोलंबोत चिलीचा वाणिज्यदूत म्हणून होता. वेल्लावत्ता भागात, समुद्राकाठी बंगला. संडास मागच्या बाजूला, टोपलीचा, म्हणजे खाली मैल्याचा डबा ठेवलेला. आपल्याकडेही गावोगाव असेच असायचे, आणि ते कोण साफ करायचं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तर तो डबा रोज सकाळी रिकामा झालेला असायचा. कोण करतं हे बघायला नेरुदा एक दिवस लवकर उठला. एक तमिळ बाई होती. 'परिया' जातीची, म्हणजे अस्पृश्य मानलेली, असं तोच लिहितो. तो हाका मारायचा, ती बघायचीही नाही. त्याने तिच्या वाटेत रेशमी कापड ठेवलं, फळं ठेवली. ती तशीच निघून जायची. एका सकाळी त्याने तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला खोलीत नेलं. दोघांना समजेल अशी एकही भाषा नव्हती. सगळा वेळ तिचे डोळे उघडे होते, अंग दगडासारखं. तिने माझा तिरस्कार केला ते बरोबरच होतं, असं म्हणून तो विषय बदलतो.

बलात्कार होता तो. दुसरा शब्द नाही.

आणि हे कुणी उकरून काढलेलं नाही. त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. तो १९७३ साली गेला, पुस्तक १९७४ साली आलं. म्हणजे ते पान उघड्यावर होतं. लाखो लोकांनी वाचलं. मीही पहिल्यांदा वाचलं आणि पान उलटलं.

का उलटलं, याचा मी फार विचार केलाय. ते पान सुंदर लिहिलंय म्हणून. ती डोक्यावर मैल्याचा डबा घेऊन जाते, आणि तो लिहितो, देवतेच्या पावलांनी गेली. तिची साडी, पायातले वाळे, नाकातली चमक, सगळं तो डोळे भरून सांगतो. मोज्यांना, कांद्याला उजळवणारी हीच ती लेखणी. त्या लेखणीने बाईचा पुतळा केला, आणि पुतळ्याला दुखतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

म्हणून 'लेखक वेगळा, लेखन वेगळं' हे मला इथे पटत नाही. त्याच्या विसाव्या वर्षीच्या त्या पुस्तकातली पंधरावी कविता बघा. तू गप्प असतेस तेव्हा मला आवडतेस, जणू तू इथे नाहीसच. किती जणांनी ती प्रेमात पडून पाठ केली असेल! मला आता ती एका दमात वाचता येत नाही.

मग हा माणूस पूर्ण काळाच का? तसंही म्हणता येत नाही. १९३९ साली, स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर फ्रान्समध्ये अडकलेल्या सुमारे २,२०० निर्वासितांना त्याने विनिपेग नावाच्या जहाजातून चिलीला नेलं. ती माणसं जगली. आणि त्याची स्वतःची मुलगी, माल्वा मरीना, डोक्यात पाणी साचण्याचा आजार घेऊन जन्मलेली. तिला आणि तिच्या आईला सोडून तो निघून गेला. १९४३ साली नेदरलँड्समध्ये ती वारली, आठ वर्षांची होती. यातली एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीतून वजा होत नाही. मी करून पाहिलंय.

२०१८ साली सान्तियागोच्या विमानतळाला त्याचं नाव द्यायचा प्रस्ताव चिलीच्या संसदेत आला, तेव्हा तिथल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या विरोधात उभ्या राहिल्या. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पुस्तक मी माझ्या घरात, माझ्या मर्जीने उघडते. विमानतळाचं नाव सगळ्यांनाच घ्यावं लागतं.

पुस्तक मी फेकलेलं नाही. परवाच भाकरीवरची कविता पुन्हा काढली. त्यात पीठ आहे, विस्तव आहे, सगळ्यांच्या वाट्याला भाकरी यावी अशी कळकळ आहे, आणि ती खोटी नाही असं मला अजूनही वाटतं. वाचता वाचता ती मागच्या दाराने आली, डबा उचलला आणि गेली. त्या पुस्तकात तिचं नाव नाही.