शंभर वर्षं उशिरा आलेला कप

श्रोतेहो, नमस्कार.

1872 सालच्या मार्च महिन्यात लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर फुटबॉलच्या एफए कपचा पहिला अंतिम सामना झाला. आणि इंग्लंडमधल्या रग्बी युनियन क्लबांच्या राष्ट्रीय कपचा पहिला अंतिम सामना ट्विकनहॅम या लंडनमधल्या रग्बीच्या मैदानावर झाला, तो 1972 सालच्या एप्रिलमध्ये. मधे पुरी शंभर वर्षं गेली. दोन्ही खेळ एकाच देशातले, तशाच शाळांच्या मैदानांवर वाढलेले. फुटबॉलची संघटना 1863 सालची, रग्बीची 1871 सालची, म्हणजे वयातही फार अंतर नाही. मग एका खेळाला जे लगेच सुचलं, त्याला दुसऱ्याने शतकभर दारात का उभं केलं नाही? आणि दार उघडल्यावर त्या कपचं काय झालं? आज त्याविषयी बोलणार आहे.

रग्बी ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू, चेंडू लंबगोल. तो हातात घेऊन पळायचं, पण सोबत्याकडे फेकायचा तर मागच्या दिशेनेच. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’. शिवाय पेनल्टी किकचे आणि चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचे गुण. आजच्या गोष्टीला एवढं पुरे.

गोष्ट सुरू होते ती मात्र इंग्लंडमध्ये नाही, कलकत्त्यात. 1872 सालच्या नाताळात तिथल्या ब्रिटिश मंडळींनी रग्बीचा एक सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे लोक, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. प्रत्येकी वीस खेळाडू, कारण तेव्हा वीस जणांनी खेळायची रीत होती. त्यातून पुढल्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सुरुवातीला सभासद भराभर वाढले. काही वर्षांतच ते गळूही लागले. हवामान रग्बीला साथ देईना, पोलो आणि टेनिस जास्त सोयीचे वाटू लागले. क्लबमधली फुकट दारू बंद झाली तेव्हापासून गर्दी ओसरली असंही सांगतात, आणि मला ते पटायला जड जात नाही.

क्लब गुंडाळायची वेळ आली तेव्हा बँकेत थोडे पैसे शिल्लक होते. जी. ए. जेम्स रॉथनी हे क्लबचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदार असे सर्वकाही होते. डिसेंबर 1877 मध्ये त्यांनी लंडनला रग्बी फुटबॉल युनियनला पत्र लिहिलं. शिलकीचे चांदीचे रुपये काढून, ते वितळवून एक सुंदर कप घडवला गेला. त्याला तीन मुठी, तिन्ही नागाच्या आकाराच्या, आणि झाकणावर हत्ती. हा कप युनियनने ठेवावा आणि फुटबॉलच्या एफए कपसारखी क्लबांची वार्षिक स्पर्धा सुरू करावी, अशी देणाऱ्यांची इच्छा होती.

युनियनने कप घेतला, स्पर्धा मात्र नाकारली. त्याऐवजी दर वर्षी होणाऱ्या इंग्लंड–स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला तो द्यायचं ठरलं. मार्च 1879 मध्ये एडिंबराला पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला. कलकत्ता कप म्हणून तो सामना आजही होतो. देणगीदाराचं नाव राहिलं, हेतू बाजूला पडला.

नकाराचं कारण काय? रग्बी चालवणारी माणसं सुखवस्तू घरांतली, खासगी शाळांत शिकलेली. खेळ खेळासाठी, ही त्यांची श्रद्धा. त्यांचं गणित असं होतं: कप ठेवला की जिंकायची हाव सुटणार, त्यासाठी चांगले खेळाडू पळवले जाणार, पळवायचे तर पैसे मोजावे लागणार, आणि पैसे आले की हा खेळ सभ्य गृहस्थांचा राहणार नाही. त्या गणितात स्वार्थ होता, वर्गाचा तोरा तर होताच. पण ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत त्यातली प्रत्येक पायरी खरी ठरली.

गंमत अशी की कप सगळ्यांनाच वर्ज्य नव्हता. लंडनच्या रुग्णालयांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा कप 1875 पासून सुरू होता; जगातली सर्वांत जुनी रग्बी स्पर्धा तीच. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांनी चुरशीने खेळायला कुणाची हरकत नव्हती. खरी धास्ती होती ती उत्तरेची. 1877 च्या हंगामात यॉर्कशायर परगण्याने आपला कप सुरू केला, हॅलिफॅक्सने तो पहिल्यांदा जिंकला, आणि गिरण्यांच्या गावांमध्ये रग्बीचं वेड पसरलं. लोक त्या कपला लाडाने ‘पत्र्याचं जुनं भांडं’ म्हणत आणि त्याच्यासाठी हजारोंनी मैदानावर लोटत.

आता या संघांत खेळणारे कोण, तर गिरणीतले आणि खाणीतले कामगार. शनिवारी सामना म्हणजे कामाचा खाडा आणि मजुरीवर पाणी. बुडालेली मजुरी तरी भरून द्या, असा ठराव यॉर्कशायरने 1893 साली मांडला. तो 136 विरुद्ध 282 मतांनी पडला. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसहून अधिक क्लब जमले आणि बाहेर पडले. त्यांची नॉर्दर्न युनियन म्हणजेच आजचा तेरा खेळाडूंचा रग्बी लीग. त्यांनी वेळ दवडली नाही. 1897 साली लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर त्यांच्या चॅलेंज कपचा पहिला अंतिम सामना झाला आणि बॅटलीने सेंट हेलेन्सला 10–3 असं हरवलं. हेडिंग्ली हे नाव ध्यानात ठेवा.

मागे राहिलेल्या युनियनने या फुटीची जबर किंमत मोजली. 1892 मध्ये इंग्लंडने चार देशांची स्पर्धा जिंकली होती. त्यानंतर निर्विवाद विजेतेपद मिळायला 1910 उजाडलं. तरी युनियनने कपाचं नाव काढलं नाही. उलट लीगशी संबंध ठेवणाऱ्या खेळाडूला आपल्या खेळाचं दार कायमचं बंद केलं. परगण्यांची स्पर्धा होती, पण क्लबांनी एकमेकांशी खेळायचं ते केवळ मैत्रीचे सामने. कुणाशी खेळायचं हे चिटणीस पत्रव्यवहार करून ठरवत. देशात सर्वांत बलवान क्लब कोणता, याचं अधिकृत उत्तरच नव्हतं. वर्तमानपत्रं आपापले तक्ते छापत.

शेजारी फ्रान्समध्ये क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा 1892 पासून चालू होती. तिच्या पहिल्या अंतिम सामन्याचे पंच होते पिएर द कुबर्तँ, ऑलिम्पिक पुन्हा सुरू करणारे तेच. पण तिथल्या स्पर्धेत पैसा आणि हाणामारी इतकी वाढली की 1931 मध्ये ब्रिटिश संघटनांनी फ्रान्सशी खेळणंच थांबवलं. लंडनच्या जुन्या मंडळींना आपल्या आजोबांचं गणित पुन्हा पटलं असणार.

अखेर युनियनची शंभरी भरली आणि 1971–72 च्या हंगामात बाद पद्धतीची राष्ट्रीय क्लब स्पर्धा सुरू झाली. वेल्सनेही त्याच हंगामात आपला कप सुरू केला. ट्विकनहॅमवरच्या पहिल्या अंतिम सामन्यात ग्लॉस्टरने मोझलीला 17–6 असं हरवलं. मोझलीचा नायजेल हॉर्टन ठोसा मारल्याबद्दल पूर्वार्धातच मैदानाबाहेर गेला. सभ्य गृहस्थांच्या कपची अशी सुरुवात झाली, याला काय म्हणावं! प्रेक्षकही फार नव्हते, एवढ्या मोठ्या मैदानात ते विरळच दिसत.

पुढची काही वर्षं कॉव्हेन्ट्री, बेडफर्ड, गॉसफर्थ अशी नावं कपावर कोरली गेली. एक सिगारेट कंपनी प्रायोजक झाली आणि तो जॉन प्लेयर कप झाला. 1979 ते 81 अशी सलग तीन वर्षं लेस्टरची. 1982 साली ग्लॉस्टर आणि मोझली पुन्हा समोरासमोर आले. वाढीव वेळेनंतरही 12–12, तेव्हा कप दोघांना विभागून दिला.

आणि मग आला बाथ. 1984 ते 1996 या तेरा वर्षांत बाथने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि दहाही वेळा कप नेला. एकही अंतिम सामना गमावला नाही. यातला पहिला, 1984 चा, शेजारच्या ब्रिस्टलशी होता. बाथ 10–9 ने पुढे. शेवटच्या मिनिटांत ब्रिस्टलला पेनल्टी मिळाली, ती गेली असती तर कप ब्रिस्टलचा. स्टुअर्ट बार्न्स नावाच्या तरुणाने ती मारली आणि चुकली. वर्षभराने हाच बार्न्स बाथमध्ये दाखल झाला. 1989 च्या अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्धचा निर्णायक ट्राय त्याचा. 1992 मध्ये हार्लेक्विन्सविरुद्ध 12–12 अशी बरोबरी, वाढीव वेळही संपत आलेला, कप विभागून द्यायची वेळ जवळ आलेली, आणि बार्न्सने लांबवरून ड्रॉप गोल मारला. 15–12. कपच्या साऱ्या इतिहासातला एकच क्षण मला प्रत्यक्ष पाहायची मुभा मिळाली, तर मी हाच निवडेन.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाच विजेता बाथ खालच्या विभागातल्या वॉटर्लूकडे गेला आणि 9–8 असा हरून परतला. बाद पद्धतीची खरी चव यात आहे. साखळीत एका हरण्याने बलाढ्य संघाचं फार बिघडत नाही. इथे हरलात की पुढच्या वर्षीच या.

दरम्यान 1987 मध्ये क्लबांची साखळी सुरू झाली होती. प्रायोजकही बदलला, सिगारेटच्या जागी पिल्किंग्टन काच कंपनी आली. ही कंपनी सेंट हेलेन्सची, म्हणजे ऐन रग्बी लीगच्या गावची. 1989 च्या अंतिम सामन्याला साठ हजारांच्या आसपास लोक होते. बाहेर काळ्या बाजारात तिकिटं विकली जातील अशी अवस्था.

26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी युनियन व्यावसायिकांना खुलं केलं. हडर्सफील्डच्या त्या बैठकीला शंभर वर्षं पुरी व्हायला तीनच दिवस बाकी होते. पुढल्या मे महिन्यात बाथने लेस्टरला 16–15 असं हरवलं, तेही पंच स्टीव्ह लँडर यांनी अखेरीस दिलेल्या पेनल्टी ट्रायवर, म्हणजे नियमभंग झाला नसता तर ट्राय झालाच असता असं धरून दिलेल्या ट्रायवर. शिट्टी वाजल्यावर लेस्टरच्या नील बॅकने पंचांना ढकललं आणि सहा महिन्यांची बंदी ओढवून घेतली. त्याच महिन्यात बाथचा सामना लीगच्या विगनशी ठरला, एकदा त्यांच्या नियमांनी, एकदा आपल्या. लीगच्या नियमांनी विगनने 82–6 असा धुव्वा उडवला, युनियनच्या नियमांनी बाथने 44–19 अशी परतफेड केली. एका शतकाचं भांडण जेमतेम अडीच आठवड्यांत मैदानावर खेळून झालं.

पैसा आला आणि कपचं महत्त्व उतरू लागलं. युनियनच्या पूर्वजांना वाटायचं, कपामुळे पैसा येईल. आल्यावर तो कपच गिळेल, हे मात्र त्यांच्या गणितात नव्हतं. क्लबांचे हिशेब साखळीवर आणि युरोपच्या स्पर्धेवर चालू लागले. तगडे खेळाडू त्यांच्यासाठी राखून ठेवायचे आणि कपाला दुसरी फळी पाठवायची. प्रायोजक आले-गेले, बिअर, वीज, विमा, आणि कपाचं नाव दर काही वर्षांनी बदलत राहिलं.

तरी या उतरणीवर एक झकास वर्ष आहे, 2005. लीड्सचा संघ साखळीत अगदी तळाशी रुतलेला असताना एप्रिलमध्ये ट्विकनहॅमला आला आणि त्याने बाथला 20–12 असं हरवलं. बाथचा हा अंतिम सामन्यातला पहिला पराभव. त्या विजयाने लीड्सला युरोपच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली, आणि त्याच जोरावर तो साखळीतही तरला. या लीड्सचं घरचं मैदान हेडिंग्ली. 1895 मध्ये जे शहर युनियनला सोडून गेलं, त्याच्या नावावर हा कप लागला.

पुढच्याच हंगामात खालच्या विभागांतल्या क्लबांना मुख्य कपातून वगळलं. वरच्या साखळीतले बारा इंग्लिश संघ आणि वेल्सचे चार, अशी नवी रचना झाली. सामने रंगले, 2008 मध्ये ऑस्प्रीजने आणि 2009 मध्ये कार्डिफने कप वेल्सला नेला. पण वॉटर्लूसारखा सामना आता होणंच शक्य नव्हतं. मग हा कप आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात ढकलला, म्हणजे उत्तम खेळाडू देशासाठी खेळत असताना क्लबांनी इथे उरलेल्यांची चाचणी घ्यायची. 2018 मध्ये वेल्सचे संघही गेले आणि तो प्रीमियरशिप रग्बी कप झाला.

2023–24 पासून दोन हंगाम दुसऱ्या विभागातल्या क्लबांना त्यात पुन्हा जागा मिळाली, पण गटांच्या साखळीतून. पहिल्याच सामन्यात हरलेला मोठा संघ त्यामुळे लगेच घरी जात नव्हता, त्याला सावरायला आणखी सामने मिळत. माझ्या मते दार उघडलं, ते अर्धंच. ते पुरतं उघडायचं तर पहिल्या फेरीपासून सरसकट सोडत काढावी लागेल, आणि एखाद्या नोव्हेंबरच्या शनिवारी विजेत्या संघाला लहान क्लबाच्या मैदानावर पाठवावं लागेल. मोठे क्लब त्याला सहजासहजी हो म्हणणार नाहीत.

नमस्कार.