घोटाभर की गुडघाभर

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. वक्त्या निवृत्त भूगोल शिक्षिका आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. माझा आवाज मागे पोचतोय ना? पोचत असणार. शाळेत माइक नव्हता आणि आमच्या वर्गाच्या खिडक्या थेट यंत्रमागाच्या शेडकडे उघडायच्या. त्या खडखडाटावर २८ वर्षं भूगोल शिकवलाय मी. समोर माझे बरेच विद्यार्थी दिसताहेत. तुम्ही मोबाइल बघितलात तर मला इथून कळतं, एवढं लक्षात असू द्या.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'रहस्यकथेत बेटच का?' विषय मीच दिलाय, तेव्हा त्यावर मी येणार आहे. पण त्याआधी एक खदखद आहे, ती काढून टाकते. नाहीतर मधूनमधून वर येत राहील.

माझी कादंबरी तळकोकणातल्या एका छोट्या बेटावर घडते. खून आहे, सात संशयित आहेत, एक तांडेल आहे, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. हस्तलिखित मी एका प्रकाशकांना दिलं. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाजात माया होती. म्हणाले, "बाई, लिहिलंय छान. पण तुम्ही सोलापूरच्या. तुमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी, आणि तुम्ही चारी बाजूंनी पाणी असलेली कादंबरी लिहिता?" वर स्वतःच हसले. म्हटलं, मग काय करू? तर म्हणाले, "बेट काढा. हातमाग घाला, विडी कामगार घाला, दुष्काळ घाला. ते तुमचं अनुभवविश्व." म्हटलं, आणि प्रेत? ते चादरीत गुंडाळू का? मी कुजकटपणे विचारलं होतं. ते म्हणाले, "उत्तम! चादरीला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे!" (हशा)

तुम्ही हसताय, पण हे गमतीचं नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकाला कुणी विचारत नाही की तुम्ही लंडनवर कसं काय लिहिलंत. त्यानं आठ दिवसांची सहल काढली की कादंबरीचा परवाना मिळतो. आपण मात्र आपापल्या जिल्ह्याचं दुःख घेऊन रांगेत उभं राहायचं. सोलापूरनं दुष्काळ द्यायचा, कोकणानं नारळ आणि भुतं द्यायची, विदर्भानं ऊन द्यायचं. साहित्याचा मोंढाच झाला हा, ज्याचा माल त्यानं आणायचा. चादरीवर किंवा विडी वळणाऱ्या बायकांवर लिहू नये असं मी म्हणत नाही. लिहावंच, आणि त्यांच्यातलीच कुणी लिहील तेव्हा ते अधिक चांगलं होईल. पण मला खून करायचा होता, आणि तो मला पाण्यात करायचा होता. (हशा)

असो. तर पाण्याबद्दल मला काय कळतं?

भरती-ओहोटीचा धडा मी दरवर्षी शिकवायचे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, सूर्याचं गुरुत्वाकर्षण, अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात म्हणून उधाणाची भरती, अष्टमीला काटकोनात येतात म्हणून भांगाची. पोरांना समजावं म्हणून परातीत पाणी घेऊन ती हलवायची. एकदा पाणी सांडलं तर शिपाईमामा दारातून ओरडले, "बाई, पाणी परवा आलंय, आता उद्याच्याला येणार नाही!" भरतीचा धडा संपेपर्यंत पिंपात ओहोटी. आणि खरं सांगते, हा धडा शिकवायला लागून १९ वर्षं झाली तरी मी समुद्र पाहिलेला नव्हता. फळ्यावर काढलेला तेवढाच.

बेट मात्र पाहिलेलं होतं. रोज. हो, सिद्धेश्वराचं. तळ्याच्या मधोमध देऊळ, चहूकडे पाणी, पण आपण कुणी त्याला बेट म्हणत नाही, कारण चप्पल न भिजवता जाता येतं. गड्ड्याच्या यात्रेत तर लाखांनी माणसं जातात. पुस्तकातली व्याख्या काय? चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. वर्षानुवर्षं मीच ती लिहून घेतली आणि मीच तपासली. ती अपुरी आहे हे मला कळलं एका मोटारीमुळे. मोटार म्हणजे गाडी नव्हे, पाणी खेचायची.

ही गोष्ट मी सगळीकडे सांगते, ज्यांनी ऐकली असेल त्यांनी चुळबुळ करू नये.

आमच्या गल्लीत पाणी यायचं पहाटे चारला. चार दिवसांतून एकदा, पण चारला म्हणजे चारला. त्या पहाटे सगळी गल्ली जागी. मोटारींची घरघर, पाइपांची ओढाओढ, आणि "तुमचं भरलं का हो?" अशा एका सकाळी एका घराच्या ओट्यावरची मोटार गायब झाली. नवीकोरी. गल्लीची सभा भरली. प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कधी पाहिलीत? समोरचे काका, आता नाहीत ते, सज्जन माणूस, त्यांनी ठामपणे सांगितलं, "चारला मी पाण्याला उठलो ना, तेव्हा होती. डोळ्यांनी पाहिली."

सभेच्या कडेला चावी सोडणारा उभा होता. म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून, ती लोखंडी टी घालून पाणी सोडतो तो. माझाच विद्यार्थी, भूगोलात ३५ मिळवणारा. तो खाली बघत म्हणाला, "बाई, चारला कसं? त्या दिवशी पुढं दुरुस्ती होती म्हणून मी दोनलाच सोडलो की. साडेतीनला बंद. चारला नळाला टिपूस नव्हतं."

सभा गार. सगळ्यांचे डोळे काकांकडे. काकू तर दगड झाल्या. काका लाल झाले, पांढरे झाले, आणि शेवटी बाहेर आलं ते असं: डॉक्टरांनी त्यांना मटण बंद केलं होतं, आणि गृहस्थ पाण्याच्या पहाटेआधी हायवेवरच्या ढाब्यावर काळं मटण आणि कडक भाकरी हाणून पाचला परत यायचे. सकाळी भरलेलं पिंप दिसलं की काकूंना वाटायचं यांनीच भरलं. भरायचा मुलगा, त्याला महिना ठरलेला होता! (हशा)

मोटार? ती कधीच सापडली नाही. काकांनी चोरली नव्हती. पण आठवडाभर गल्ली त्यांना चोर समजत होती, कारण ते वेळेबद्दल खोटं बोलले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला दोन गोष्टी दिसल्या. एक, खोटं बोलणारा आणि गुन्हा करणारा ही वेगळी माणसं असू शकतात, आणि त्यांच्यामधल्या फटीत अख्खी कादंबरी मावते. दुसरी, गल्लीत खरं फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ज्याच्या हातात चावी, त्याच्याकडे सगळ्यांच्या वेळा असतात. तो कुणाच्या घरात शिरत नाही, पण कोण जागं होतं हे त्याला ठाऊक असतं. तो आज आलाय बरं का. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. उठू नकोस रे, नुसता हात कर. (टाळ्या)

आता सांगा, चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावाला पाण्यातलं काय कळतं? अहो, ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्याला पाण्याची वेळ कशी कळावी? त्याला फक्त पाणी कळतं.

यानंतर मी मालवणला गेले. कोल्हापूर, मग फोंडा घाट, मग कणकवली, अशी एसटीने. समुद्र पाहून मी रडले वगैरे नाही. मी पहिल्यांदा घड्याळ बघितलं. माझ्या धड्याप्रमाणे पाणी कुठे असायला हवं ते ताडून बघत होते. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे, १६६४ ला काम सुरू झालं, आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, आणि आत माणसं राहतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद. माझा पहिला खर्डा तिथलाच होता. गोड्या विहिरीत बुडवून मारायचं आणि प्रेत खाऱ्या पाण्यात टाकायचं. खूश होते मी. मग एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की बुडताना पाण्याबरोबर सूक्ष्म शैवालं शरीरात जातात, हाडांच्या मगजापर्यंत पोचतात, आणि गोड्या पाण्यातली वेगळी, खाऱ्यातली वेगळी. प्रयोगशाळा सांगेल. म्हणजे उकल डॉक्टर करणार, मग माझा तांडेल काय करणार? खर्डा बंबात गेला.

हां, चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बरं. कायद्याचं एक सांगते आणि पळते. लिहायला मला इतकी वर्षं लागली की तेवढ्यात कलमच बदललं. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते १०३ झालं. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दल आहे. माझा फौजदार पानापानावर "तीनशे दोन लावीन" म्हणत होता! शेवटी कथा २०१९ मध्ये नेऊन ठेवली.

आता विषय. रहस्यकथेत बेटच का? लोक म्हणतात, कारण तिथून पळता येत नाही, संशयित मोजके राहतात. ते ठीक आहे, पण त्यासाठी बंद पडलेली लिफ्टही पुरते. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड दिसतो. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला येत नाही. म्हणजे तो दिवसातून दोनदा बेट असतो आणि दोनदा नसतो. माझ्या व्याख्येत तास नव्हते. तास घातले की आपलं सिद्धेश्वर का बेट नाही आणि पद्मगड का आहे ते कळतं, आणि खोटं बोलायला जागाही मिळते.

या तासांचं गणित आपल्या गावात छापलं जातं. दाते पंचांग सोलापूरचं! किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीडच्या सुमाराला भरती. रोज साधारण ५० मिनिटं पुढे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेआठ. मी हे मोठ्या ऐटीत तिथल्या एका तांडेलाला म्हणून दाखवलं. त्यानं विडी बाजूला केली. "ता मुंबयचा गणित, बाय. हयसर तास आधी."

तिथेच मी वाळूत बसले. बरोबर आहे, भरती किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, मालवणला आधी, मुंबईला नंतर. २८ वर्षं नकाशा लावून शिकवलं आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. आमच्या काकांचीही चूक तीच ना? पाण्याची नेहमीची वेळ सांगून बसले.

'पाच मिनिटे.' आलेच. खुनाचं कारण मला वेंगुर्ल्यानं दिलं. तिथे समुद्रात दीपगृहाजवळच्या एका खडकाळ बेटावरच्या गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. परदेशात त्याचं सूप करतात, सोन्यासारखा भाव येतो. त्या घरट्यांच्या चोऱ्या खरोखर झाल्या, पकडल्याही गेल्या. यावर अर्धा तास बोलणार होते, राहिलं.

तर वद्य द्वितीया, उधाणाचं पाणी. खुनी जबानीत सांगतो, मी पावणेनऊला घोटाभर पाण्यातून बेटावरून चालत आलो. त्याच्या हिशेबानं ओहोटी होऊन एकच तास झालाय. पण तिथे दोन झालेत. पाणी चढतं कसं? सहा तासांत बारा भाग धरा. पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, मग तीन-तीन, मग दोन, मग एक. एका तासाला बारातला एक भाग, दोन तासांना तीन. घोटाभराचं गुडघाभर होतं. आणि त्याची पँट गुडघ्याखाली कोरडी खडखडीत. फौजदाराला यात काही दिसत नाही, प्रयोगशाळेला पाठवायलाही काही नाही. तांडेलाला दिसतं, कारण मुंबईच्या माणसाशिवाय हे गणित कुणी…

अरे देवा. सात संशयितांत मुंबईचा एकच आहे. (हशा) आता सांगून बसले. प्रती बाहेर टेबलावर आहेत, तरी घ्या. खुनी कळला तरी का केलं ते कळलेलं नाही तुम्हाला, आणि काका पण आहेत त्यात, मटणासकट.

प्रश्नोत्तरं ठेवली होती ना? नाही, थांबा. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची रिकामी दिसतेय. कधी उठला हा? आज कुठला भाग आहे रे? मागून सांगताहेत, आपलाच! मग चला, माझीही मोटार लावायची आहे.